बादलीतला पेनड्राइव्ह

पितरांच्या पौर्णिमेला सकाळी आठ वाजता नोंग खेनच्या विहारात सगळं जागच्या जागी होतं. केळीच्या पानांत बांधलेल्या भाताच्या पुड्यांचा सभामंडपात ढीग लागला होता. उंच खांबावरच्या कर्ण्यातून सुत्तपठण गावभर ऐकू येत होतं. भाजलेल्या कोंबडीच्या वासाने कुत्र्यांची चुळबुळ चालली होती. नव्हती ती फक्त मेलेल्यांची यादी.

म्हणजे यादी होती, पण ती भंते सुवान यांच्या लॅपटॉपमध्ये होती. आणि लॅपटॉप आदल्या संध्याकाळी स्वतःहून काहीतरी नवं चढवून घ्यायला बसला होता, तो पुन्हा उठलाच नव्हता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळींची तक्रार, आणि त्यापुढे मख्खपणा.

लामदुआनची पिकअप फाटकातून आत शिरली तेव्हा सिथोनकाका रस्त्यातच उभे होते. हे विहाराचे कारभारी. वय बाहत्तर, आवाज पंचविशीतला.

"आली गं बाई! दुआन, उतर, उतर आधी. पुड्या मागाहून."

"काका, निदान गाडी तरी लावू द्या."

"गाडी कुठे पळून जात्येय? भंतेंचा डबा बंद पडलाय."

लामदुआन म्हणजे गावाची दुआन. वय चव्वेचाळीस. तालुक्याच्या गावी, चाळीस किलोमीटरवर, तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते बरं चालत होतं. नोंग खेन हे तिचं माहेर. माहेरात आता कोणी नव्हतं, पण वडील दोन वर्षांपूर्वी गेल्यापासून या पौर्णिमेला ती न चुकता यायची. वडिलांच्या नावाची पुडी कुंपणाला बांधायची आणि यादीत त्यांचं नाव पुकारलं जाईपर्यंत थांबायची. नाव पुकारलं की त्या माणसाला ते जेवण पोचतं. नाही पुकारलं तर तो बिचारा कुंपणाबाहेर उभा राहतो आणि उपाशी परत जातो. दुकानात बसून दुआनला या गोष्टीवर हसू यायचं, पण विहाराच्या फाटकातून आत आलं की येत नसे.

भंते आपल्या कुटीच्या ओसरीवर चटईवर बसले होते. साठीचे, किडकिडीत, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. समोर लॅपटॉप. शेजारी बुआफानमावशी, पुड्या बांधणाऱ्या बायकांची पुढारी. पुड्या बांधणं सोडून ती इथे का आली होती हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

दुआनने तीनदा डोकं टेकवून वंदन केलं आणि जरा दूर, अंग चोरून बसली. भंतेंनी लॅपटॉप चटईवर पुढे सरकवला आणि हात मागे घेतला, तेव्हा कुठे तिने तो उचलला; भिक्खू बाईच्या हातात थेट काही देत नाहीत.

"किती नावं आहेत, भंते?"

"अकराशे त्रेचाळीस."

"कागदावर नक्कल?"

भंतेंनी मान हलवली. नक्कल कुठली असणार! दरवर्षी यादी छापायची, वाचायची आणि वाचून झाली की त्याच ठिकाणी वाडग्यात जाळायची, म्हणजे धुराबरोबर नावं वर जातात. ही इथली रीत. जुनी हस्तलिखित वही होती, ती वाळवीने खाल्ली. त्यातलं उरलंसुरलं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणीतलं गोळा करून भंतेंनी एका अख्ख्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, एका बोटाने ही नावं टाइप केली होती.

"मी म्हणतो," सिथोनकाका म्हणाले, "प्रत्येकाने आपापले मेलेले तोंडाने सांगावेत. आहे काय त्यात?"

"आणि ज्यांचं गावात कोणीच उरलं नाही, त्यांचं कोण सांगणार?" भंते म्हणाले. "तसे तीनशे बारा आहेत, सिथोन. ते फक्त यात आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत."

काकांनी आपली सूचना मागे घेतली. ही तशी क्वचित घडणारी गोष्ट.

"माझा नवरा आहे हो त्यात," बुआफानमावशी म्हणाली. "जिवंत असताना जेवायला पाव तास उशीर झाला तर ताट भिरकवायचा. आज नाव नाही घेतलं तर माझं काय करील, विचार कर. दहाला वाचन, अकराला भंतेंचं भोजन, आणि बारानंतर तर काही पोचतच नाही."

दुआनने लॅपटॉप चालू केला, दोन ओळींची तक्रार वाचली आणि तिचा जीव भांड्यात पडला. रोज असले चार यायचे दुकानात.

"भंते, काळजी नको. आतली माहिती शाबूत आहे. हा स्वतःच्या पायावर उभा राहत नाहीये एवढंच. पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, यादी बाहेर काढायची. अर्धा तास." मग तिने कपाळावर हात मारला. "पण माझी पिशवी दुकानात राहिली. माझा लॅपटॉप गाडीत आहे, त्यात लागेल ते सगळं आहे. एक पेनड्राइव्ह तेवढा हवा."

"एक?" भंतेंचा चेहरा उजळला. "किती हवेत?"

ते उठले आणि आतल्या कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकण उघडलं. आत तीसेक पेनड्राइव्ह, आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली एकेक चिठ्ठी. लोक दानाच्या पिवळ्या बादल्या आणतात, साबण, चहा, टॉर्च, भिक्खूंनी नेसायचं चीवर असं सगळं भरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. त्यांतून हल्ली पेनड्राइव्हही निघायचे. कोणी कोणासाठी दिलं ते भंते चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. साबणाला चिठ्ठी बांधता येत नाही म्हणून, नाहीतर त्यांनी साबणालाही बांधली असती.

ते डब्यात शोधत राहिले, मग एक निवडून त्यांनी चटईवर पसरलेल्या रुमालावर ठेवला.

"हा घे. तुझ्याच हातचा आहे. तुझ्या वडिलांच्या, प्रयूनच्या शंभराव्या दिवसाला दिलेल्या बादलीतला." ते हसले. "म्हटलं, आज यादी त्याच्याच हातून बाहेर येऊ दे. पुण्य त्याला लागेल."

सोनेरी पेनड्राइव्ह. त्यावर हत्ती. हत्तीखाली ६४ हा आकडा.

दुआनने तो बघताक्षणी ओळखला.

झालं होतं ते असं. अडीच वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याने तिच्या गळ्यात असे दोनशे पेनड्राइव्ह मारले होते. वर लिहिलेलं चौसष्ट जीबी, आत जेमतेम चारची जागा. भरत जा, भरत जा, तो तक्रार करत नाही. चारच्या पुढचं सगळं हवेत सोडून देतो आणि मालकाला सांगतो, झालं हं. गिऱ्हाइकं बोंब मारत परत आली तेव्हा दुआनच्या लक्षात आलं. तो माल फेकून द्यायचा तर जिवावर आलं. मग तिने तो बाजारातल्या बादल्या भरणाऱ्या बाईला देऊन टाकला. भिक्खू कशाला पेनड्राइव्ह वापरतायत, कपाटात पडून राहतील, ही तिची त्यावेळची अक्कल. पुढे वडील गेले. शंभराव्या दिवसाला त्याच बाईकडून तयार बादली उचलली. आत काय आहे हे उघडून बघितलं नाही. उलट दुकानातला उरलेला एक सोनेरी हत्ती वरून खोचला. बादली जरा भरलेली दिसावी म्हणून.

त्या क्षणी तिने सांगून टाकायला हवं होतं. 'भंते, हा नको' एवढे तीन शब्द. पण भंते इतके खुशीत बघत होते. सिथोनकाका वडिलांचे मित्र. आणि बुआफानमावशीला कळलं की गावाला कळलं. शिवाय कोण जाणे, दोनशेत एखादा चांगलाही निघायचा. तिने पेनड्राइव्ह उचलला आणि गाडीतला लॅपटॉप आणायला गेली.

भरायला बारा मिनिटं लागली. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, लिहिलेलं तपासून बघू का? दुआनने 'नको' दाबलं. घाई होती, असं तिने मनाला सांगितलं.

पहिल्या फेरीत भंतेंच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह दिसलाच नाही. दुआनला बरंच वाटलं. ही तर सेटिंगची गोष्ट.

"अनोळखी कोणाला घरात घ्यायचं नाही असा याच्यात एक नियम असतो," तिने सांगितलं. "चोराचिलटाची भीती म्हणून. तो जरा बंद करते."

"शहाणा आहे," मावशी म्हणाली. "मग चालू का होत नाही?"

नियम बंद केला. झटपट सुरू होण्याची सवय लावलेली होती, तीही बंद केली. आधी कोणाचं दार ठोठावायचं तो क्रम बदलला, पेनड्राइव्ह पहिला केला. पुन्हा सुरू केलं. या वेळी पेनड्राइव्ह यादीत दिसला. बटण दाबलं. खूण उमटली, खाली ठिपके गोल फिरू लागले. मावशीने टाळी वाजवली.

ठिपके फिरले, फिरले आणि थांबले. पडदा काळा. त्याच दोन ओळी.

"भोक बदलून बघते," दुआन म्हणाली.

डावीकडचं काढून उजवीकडे लावलं. तेच. पेनड्राइव्ह पुन्हा भरला, या वेळी जुन्या पद्धतीने. आणखी बारा मिनिटं. तेच. मग चार्जरवर संशय घेतला. काकांना वायर धरून उभं केलं. वायर हलू नये म्हणून काका श्वाससुद्धा बेताने घेत होते. तेच. मग पालीने आत काही घाण केली असेल म्हणून लॅपटॉप उलटा करून झटकला. मग कालच्या त्या आपोआप चढलेल्या नव्या गोष्टीला शिव्या दिल्या. भंते समोर असल्यामुळे शिव्या सौम्य होत्या. जगातल्या सगळ्या कारणांची यादी दुआनकडे तोंडपाठ होती आणि ती एकेक करून सगळी तपासत होती. एकच कारण सोडून. ते तिच्या हातात होतं, सोनेरी.

सभामंडपाकडून बायका डोकावून जाऊ लागल्या. पुड्या बांधून झाल्या होत्या. कर्ण्यातलं पठण शांतपणे आपल्या वाटेने चाललं होतं. सव्वानऊ झाले.

"दुकानात जाऊन पिशवी आणते," दुआन म्हणाली.

"जायला पाऊण तास, यायला पाऊण तास," काका म्हणाले. "येशील तोवर भंते जेवून वामकुक्षी घेत असतील. आणि मेलेले उपाशी."

"मग डब्यातला दुसरा लावून बघ ना," मावशी म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता डब्यातून एक उचलून दुआनच्या मांडीवर टाकला. सोनेरी, हत्ती. तिसरा काढला. सोनेरी, हत्ती. "सगळे सारखेच दिसतायत की गं. चांगल्या कंपनीचे असणार."

दुआनने मांडीवरचा हत्ती डब्यात परत टाकला. तिला कुठेतरी जबाबदारी ढकलायची होती आणि समोर लॅपटॉप आयता होता.

"भंते, खरं सांगू का? तुमचा लॅपटॉपच गेलाय. आतलं बोर्ड खराब झालंय. याला पेनड्राइव्ह वाचताच येत नाही. कितीही चांगला दिला तरी."

भंतेंनी लॅपटॉपकडे बघितलं.

"मग माझाच दोष," ते हळूच म्हणाले. "मला हे नीट जमत नाहीच. मागच्या वर्षी मी यादीची नक्कल केली होती, दुआन. याच डब्यातल्या एकावर. बरोबर सणाचे सगळे फोटो. महिन्याने उघडून बघितलं तर ना फोटो उघडले ना यादी. वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं असेल. म्हणून पुन्हा केलीच नाही. म्हाताऱ्या माणसाने या भानगडीत पडू नये."

एवढं बोलून ते चष्मा पुसायला लागले. दोऱ्याची गाठ सुटली, ती ते पुन्हा बांधू लागले.

दुआनला वडील आठवले. प्रयून रेडिओवाले. तीस वर्षं गावातला प्रत्येक रेडिओ, पंखा, मिक्सर त्यांच्या हातून गेला. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या पाठीवर ते मार्करने एकच शब्द लिहायचे, 'तपासला', आणि खाली तारीख. लहानपणी दुआन विचारायची, चालतोय तर पुन्हा कशाला तपासायचा? ते म्हणायचे, घेणाऱ्याला वाटतं आपल्यालाच वापरता येत नाही, तसं वाटायला नको. आणि इथे एक भला माणूस वर्षभर स्वतःला अडाणी समजत बसला होता, तिच्यामुळे.

तिला रडू आलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, सिथोनकाकांनी वायर धरलेली असताना, तिने चटईवर डोकं टेकलं.

"भंते, तुमचं काही चुकलं नाही. लॅपटॉपचंही नाही. पेनड्राइव्ह खोटा आहे. मला माहीत होतं. तुम्ही रुमालावर ठेवलात तेव्हाच माहीत होतं. हे सगळे हत्ती माझ्या दुकानातले आहेत. खराब निघाले म्हणून मी बादलीवालीला दिले. आणि एक बाबांच्या बादलीत घातला."

कर्ण्यातलं पठण तेवढं चालू होतं.

काकांनी वायर सोडली. "दुआन," ते म्हणाले, "तुझा बाप माझा फुटका ट्रान्झिस्टर चौथ्यांदा घेऊन बसला होता, चौथ्यांदा! मी म्हणत होतो फेक. म्हणे, आवाज जरा खरखरतोय. आणि त्या माणसाच्या नावाने तू खोटा माल दिलास? त्याच्या नावाने?"

"हो, काका."

"हो काय हो!"

"ओरडताय कशाला पोरीवर?" बुआफानमावशी मध्येच म्हणाली आणि सगळ्यांना आश्चर्य वाटलं. ती डब्यातल्या चिठ्ठ्या उलटून बघत होती आणि तिचा चेहरा पडला होता. "यात माझाही एक आहे. नवऱ्याच्या नावचा. बादली मी तरी कुठे उघडून बघितली होती? तुम्ही बघता, सिथोन? खरं सांगा."

काकांनी खांबाकडे बघितलं. खांबाने काही मदत केली नाही.

मग हसण्याचा आवाज आला. भंते हसत होते. आधी बेताने, मग चष्मा काढून.

"टॉर्चसुद्धा," ते म्हणाले. "कपाटात सेहेचाळीस टॉर्च आहेत. एकही लागत नाही. आणि बादलीतली चीवरं नेसली की गुडघ्यापर्यंतच येतात. पाच वर्षं मला वाटत होतं, म्हातारपणी माझी उंची वाढत्येय की काय."

मावशीला हसू फुटलं, काकांनाही. दुआन हसली आणि नाक पुसलं, पण ती टॉर्चची गोष्ट तिला कुठेतरी खोल लागली. वडिलांच्या बादलीतही एक टॉर्च होता.

"बरं, झालं ते झालं," भंते म्हणाले. "साडेनऊ वाजतायत. दुआन, आता काय करायचं ते सांग. खरं काय आहे ते कळल्यावर काम सोपं होतं ना?"

"एक खरा पेनड्राइव्ह, भंते. एकच. गावात कोणाकडे तरी असेल."

"गावात म्हाताऱ्या आणि कोंबड्या," काका म्हणाले. "पोरं सगळी बँकॉकला. शाळेला सुट्टी, मास्तर त्याच्या गावी."

सगळे विचारात पडले. कुटीवर शांतता पसरली, आणि त्या शांततेत कर्णा वाजतच होता. सकाळपासून वाजत होता म्हणून तो कोणाला ऐकू येत नव्हता. आधी तो ऐकू आला तो दुआनला.

"काका, हे पठण कशावर वाजतंय?"

"कशावर म्हणजे? प्रयूनच्या पेटीवर. पाच वर्षं झाली. मी फक्त बटण दाबतो."

दुआन उठली आणि धावत सुटली. विहारात धावायचं नसतं, पण कोणी तिला अडवलं नाही. खांबाच्या बुंध्याशी वडिलांनी बसवलेली लाकडी पेटी होती, वर पत्र्याचं छप्पर, पावसाचा थेंब आत जाणार नाही असं. तिने दार उघडलं. आत जुना अॅम्प्लिफायर, आणि त्याच्या पोटात खोचलेला एक लाल, मळकट पेनड्राइव्ह. त्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली आणि पट्टीवर वडिलांचं बारीक, तिरकं अक्षर. 'तपासला.' खाली पाच वर्षांपूर्वीची तारीख.

तिने तो शब्द दोनदा वाचला. मग तिने पेनड्राइव्ह काढला.

कर्णा बंद झाला आणि गाव घराबाहेर आलं. वीज गेली का? भंतेंना काही झालं का? कोणीतरी तर फाटकाशी येऊन विचारलं, कोण गेलं म्हणून. काकांनी सगळ्यांना हातवारे करून गप्प केलं आणि त्यांना कामच मिळालं.

दुआनने आधी पठण आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं, सगळं आलं का ते बघितलं. मग लाल पेनड्राइव्ह भरायला घेतला. नऊ पन्नासला भरून झाला आणि पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न आला, लिहिलेलं तपासून बघू का?

"नको म्हण! नको म्हण!" मावशी मागून म्हणाली. "दहा वाजतायत!"

दुआनने 'हो' दाबलं. पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत बुआफानमावशीने ओसरीला सात फेऱ्या मारल्या आणि नवऱ्याच्या रागीटपणाच्या तीन गोष्टी सांगितल्या. दुआन पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना बघत बसली होती. तिला घाई नव्हती. खरं म्हणजे सकाळपासून पहिल्यांदाच तिला घाई नव्हती.

पट्टी संपली. सगळं बरोबर होतं.

लाल पेनड्राइव्ह भंतेंच्या लॅपटॉपला लावला. खूण उमटली. ठिपके गोल फिरू लागले. फिरत राहिले. मग पडदा निळा झाला आणि दार उघडावं तसा लॅपटॉप उघडला. यादी जिथे असायला हवी तिथेच होती. अकराशे त्रेचाळीस.

दुआनने ती आधी आपल्याकडे उतरवून घेतली, मग उघडून शेवटपर्यंत बघितली, मगच छापायला लावली. विहाराचा प्रिंटर म्हातारा होता पण इमानी. कुरकुरत का होईना, त्याने एकवीस पानं दिली. तिने ती रुमालावर ठेवली आणि भंतेंनी उचलली.

"डबा मी घेऊन जाते, भंते."

"दिलेलं दान परत मागतेस?"

"बदलून देते. एकूणएक. आणि बादलीवालीकडे उरले असतील तेही उचलते."

"चिठ्ठ्या मात्र काढू नकोस," भंते म्हणाले. "ज्याचा त्याला पोचू दे. या वेळी चालणारा."

सव्वादहाला वाचन सुरू झालं. भंतेंचा आवाज मोठा नव्हता, पण काकांनी कर्णा जोडून दिला होता. आधी ती तीनशे बारा नावं. ज्यांच्यासाठी सभामंडपात कोणीच बसलेलं नव्हतं. तरी प्रत्येक नावाला कोणी ना कोणी हात जोडत होतं. मग बाकीची. बुआफानमावशीच्या नवऱ्याचं नाव आलं तशी ती पुटपुटली, "घे बाबा, गिळ. पाव तासच उशीर झालाय." आणि डोळे टिपले.

प्रयूनचं नाव अठराव्या पानावर होतं. दुआनने ते ऐकलं आणि तिला वडील समोर दिसले. कुंपणापलीकडे उभे. एका हातात तो बादलीतला टॉर्च, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर तो ते आपटतायत, लागत नसलेला टॉर्च आपटायचा तसा. दोन वर्षं आपटतायत. चिडलेले नाहीत. आपल्यालाच वापरता येत नसेल, असं समजून.

यादी वाडग्यात जळली, धूर वर गेला. लोक आपापल्या पुड्या घेऊन कुंपणाकडे निघाले. दुआन पिकअपकडे गेली, सीटखालचा आपला टॉर्च काढला. जाडजूड, लोखंडी, पावसात रस्त्यात अडकल्यावर लागतो तो. बटण दाबून बघितलं. लागला. बंद केला, पुन्हा दाबून बघितलं. लागला. मग खिशातला मार्कर काढून त्याच्या पाठीवर 'तपासला' असं लिहिलं आणि खाली आजची तारीख घातली.

कुंपणाला वडिलांची भाताची पुडी बांधली, शेजारी दोऱ्याने टॉर्च बांधला. चालूच ठेवला.

सिथोनकाका आपली पुडी बांधत होते. त्यांनी भर उन्हात जळणारा टॉर्च बघितला.

"अगं, दिवसाढवळ्या कशाला? सेल संपतील."

"संपू देत, काका," दुआन म्हणाली. "लागतो हे त्यांना कळलं पाहिजे."